माद्रिदमधलं देबोदचं मंदिर: जाताना काय बघावं, कसं बघावं?

नागभीडकर

नमस्कार मंडळी. गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात माद्रिदला जाणं आहे. हातात मोकळा दीड दिवस. तिथं इजिप्तचं देबोदचं मंदिर आहे, अस्वानच्या धरणाखाली जाणार म्हणून चिरा न् चिरा सोडवून नेलेलं, एवढं माहीत आहे. फोटो पुष्कळ पाहिले, पण सगळे सूर्यास्ताचे. त्यात काळी आकृती आणि पाण्यातलं प्रतिबिंब सोडून काही कळत नाही.

विचारायचं कारण वेगळं आहे. आमच्या शिवारात एक हेमाडपंती देऊळ आहे. मंडपाची एक बाजू कोसळलेली, घडीव चिरे आजूबाजूला पडलेले, काही धुऱ्यावर, म्हणजे शेतांच्या बांधांवर गेले. आता जीर्णोद्धाराची वर्गणी सुरू आहे. सिमेंटात उभं करायचं की पडलेलेच दगड जुळवायचे, यावर गावात दोन तट आहेत. सुटलेलं देऊळ परत कसं उभं राहतं हे डोळ्यांनी पाहायचं आहे. तेव्हा तिकीट, वेळ, पोचायचं कसं, आणि मुख्य म्हणजे नजर कुठं ठेवायची, ते जाणकारांनी सांगावं.

---

वैनगंगाकाठ

काका, आधी सोपं ते सांगतो.

तिकीट नाही, प्रवेश मोफत. पण आत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, कारण खोल्या अरुंद आहेत. म्हणून माद्रिद नगरपालिकेच्या संकेतस्थळावरून वेळ आधी घेऊन ठेवा. आयत्या वेळी गेलात तर रांग लागते, आणि रांगेत उभं राहूनही त्या दिवशी नंबर येईलच असं नाही. सोमवारी आतला भाग बंद असतो. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा तपासा. बाहेरचं उद्यान आणि मंदिरासमोरच्या दोन्ही दगडी वेशी मात्र आत न जाताही पाहता येतात. मंदिर बंद असलं तरी तुमचा अर्धा अभ्यास बाहेरच होईल.

पोचायचं असं. विमानतळावरून मेट्रोची ८ क्रमांकाची लाइन शेवटपर्यंत, म्हणजे नुएवोस मिनिस्तेरिओसपर्यंत घ्या. तिथं १० क्रमांकाच्या लाइनवर बदला, पुएर्ता देल सूरच्या दिशेची गाडी. चौथं स्थानक प्लासा दे एस्पान्या, तिथं उतरा. विमानतळावरून निघताना नेहमीच्या तिकिटावर ३ युरो जादा पडतात. प्लासा दे एस्पान्यावरून चालत दहा मिनिटांच्या आत मंदिर. नकाशात प्रिन्सिपे पिओ स्थानक तितकंच जवळ दिसतं, पण ते टेकडीच्या खाली आहे आणि तिथून चढ लागतो. गुडघे दुखत असतील तर तिकडून जाऊ नका.

आता वेळ. मंदिराचं तोंड पूर्वेला आहे, मूळ जागीही असंच होतं आणि माद्रिदमध्ये ती दिशा जपली आहे. म्हणजे सकाळचं ऊन समोरच्या भिंतीवर आणि वेशींवर येतं, आणि संध्याकाळी सूर्य मंदिराच्या मागं असतो. सगळे फोटो काळे का, ते यातच आलं. दगड पाहायचा तर सकाळी १० च्या सुमाराला जा. एप्रिलच्या सुरुवातीला तिथं सूर्य मावळतो रात्री पावणेनऊच्या आसपास, आणि त्याच्या तासभर आधीपासून मागच्या कठड्यावर उभं राहायला जागा मिळत नाही. ते दृश्य सुंदर आहे, राजवाडा आणि कासा दे काम्पोची झाडी दिसते, जरूर पाहा. पण ती वेगळी फेरी समजा.

एक लक्षात असू द्या: मंदिराभोवतीचं उथळ तळं सफाई-दुरुस्तीसाठी कधी कोरडं असतं. त्यानं तुमचं काही बिघडत नाही.

---

सांधा_आणि_चिरा

वैनगंगाकाठ यांनी वाट दाखवली, मी दगडाकडं वळतो.

हे मंदिर एका माणसानं एका वेळी बांधलेलं नाही, ही पहिली गोष्ट. सुरुवात मेरोएच्या (इजिप्तच्या दक्षिणेकडचं जुनं राज्य) आदिखलमानी राजानं केली, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी. तेव्हा ती अमून देवाची एका खोलीची देवळी होती. मग इजिप्तवर राज्य करणाऱ्या टॉलेमी या ग्रीक घराण्यातल्या राजांनी चारही बाजूंनी खोल्या जोडल्या आणि ते इसिस देवीचं मंदिर झालं. शेवटची सजावट रोमन सम्राट ऑगस्टस आणि टायबेरियस यांच्या काळातली. आपल्याकडं मूळ गाभाऱ्याला पुढच्या पिढ्या अंतराळ, मंडप, ओसरी जोडत जातात, तसंच. म्हणून आत गेल्यावर आधी ती मूळ खोली शोधा. भिंतभर कोरीव काम असलेली तीच.

दुसरी गोष्ट, नुकसान स्थलांतरात झालं असं धरून चालू नका. अस्वानचं पहिलं धरण १९०२ चं. पुढं त्याची उंची दोनदा वाढवली. त्यानंतर देबोद वर्षातले सुमारे नऊ महिने पाण्याखाली असायचं. भिंतींवरचे रंग तेव्हाच गेले आणि कोरीव काम बोथट झालं. समोरचा चार खांबांचा दर्शनी भाग तर त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकातच कोसळला होता.

अस्वानच्याच दुसऱ्या, उंच धरणाचं काम १९६० मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी ८ मार्चला युनेस्कोनं तिथली बुडणारी मंदिरं वाचवायला जगाला हाक दिली. १९६१ मध्ये पोलंडच्या पुरातत्त्वज्ञांच्या तुकडीनं देबोदचे दगड सोडवले आणि ते अस्वानसमोरच्या एलिफंटाइन बेटावर रचून ठेवले. ते तिथंच राहिले, १९७० पर्यंत. १९६८ मध्ये इजिप्तनं हे मंदिर स्पेनला दिलं, अबू सिंबेलची खडकात कोरलेली मंदिरं वाचवण्यात केलेल्या मदतीबद्दल. मग अलेक्झांड्रियाहून जहाजानं वालेन्सिया, तिथून ट्रकनं माद्रिद. स्पेनचे पुरातत्त्वज्ञ मार्तिन आल्माग्रो यांच्या देखरेखीखाली जुळवणी झाली आणि २० जुलै १९७२ ला मंदिर खुलं झालं.

तुमच्या गावासाठी मोलाचा भाग पुढं आहे. स्पेनच्या लोकांच्या हाती पेट्या आल्या तेव्हा सोबत काय होतं? एक नकाशा, उंचीचं एक कच्चं रेखाटन आणि काही फोटो, तेही कुठल्या भिंतीचे हे नीट न लिहिलेले. शंभरावर दगडांवरचे क्रमांक पुसले गेले होते. इतर कित्येकांवर क्रमांक होता, पण नकाशातल्या क्रमांकाशी जुळत नव्हता. कौशल्य कमी पडलं नव्हतं. सोडवणारे एक, साठवणारे दुसरे आणि उभारणारे तिसरे, मध्ये नऊ वर्षांचं अंतर, आणि तिघांना जोडणारी वही एकच नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुंटर रोडर या जर्मन अभ्यासकानं मंदिर जागेवर उभं असताना त्याची तपशीलवार नोंद केली होती. असल्या जुन्या नोंदी नसत्या तर आणखी अंधार होता.

चूक कुठं दिसते ते सांगतो. मंदिरासमोर रांगेत दोन वेशी आहेत. मूळ जागी तीन होत्या, नाईलच्या धक्क्यापासून मंदिरापर्यंतच्या वाटेवर, त्यातली एक आधीच पडली होती. माद्रिदमध्ये मंदिराच्या जवळच्या वेशीवर सूर्याचं बिंब आणि दोन्ही बाजूंना फणा काढलेले नाग आहेत. मूळ जागेचा जुना फोटो पाहिला तर ही वेस मंदिराजवळची नाही. म्हणजे दोघींची अदलाबदल झाली आहे. दगड सगळे खरे, प्रत्येक वेस स्वतःपुरती बरोबर, तरी क्रम चुकला. जुना फोटो फोनमध्ये घेऊन जा आणि तिथं उभं राहून ताडून पाहा.

आता एक चांगली गोष्ट. जिथं दगड कमी पडला तिथं सालामांका प्रांतातल्या विलामायोरचा वालुकाश्म वापरला, आणि तो मुद्दाम वेगळ्या रंगाचा ठेवला. वीस पावलांवरून मंदिर एकसंध दिसतं, दोन पावलांवर आलं की जुनं कुठं संपतं आणि नवं कुठं सुरू होतं ते कळतं. जुन्या वास्तूंच्या जतनासाठीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत हेच तत्त्व आहे: पडलेले मूळ तुकडे जुळवा, भर घालावी लागली तर ती ओळखू येईल अशी घाला, आणि जिथं अंदाज सुरू होतो तिथं थांबा. समोरच्या भिंतीवर मूळ चिरा एखाद्या बेटासारखा दिसतो आणि त्याच्याभोवती नवी भर. त्या सीमारेषेवर सांध्याची जाडी बघा, कडा बघा. कोपरा जुना असेल तर तो झिजून गोल झालेला असतो, नवा धारदार असतो. याच ठिकाणी पंधरा मिनिटं उभं राहा. माझ्या मते अख्ख्या मंदिरात तुमच्या कामाचं याहून जास्त काही नाही.

---

मोर्शीवाला

नागभीडकर भाऊ, माद्रिदचं या लोकायनं सांगतलं, मी देवळाचं सांगतो.

पडलेला येकही दगड हालवाच्या आंधी जाग्यावरच फोटो काढा. दगड ज्या जागी पडला थे जागाच सांगते का थो कोन्या भिंतीचा, कितव्या थराचा. भिंत पडते तवा खालचे थर जवळ पडते, वरचे दूर जाते. पोरायनं उत्साहात सारे दगड येका ठिकानी ढिगारा करून ठेवले का हे सारं गेलं समजा.

नंबर टाकाचा त कोरलेल्या बाजूवर नाही. जे बाजू बसवल्यावर झाकली जाते, तिच्यावर. अन् दोन ठिकानी टाका. खडू पयल्याच पावसात जाते. ऑइलपेंट झाकल्या बाजूवर चालते. नंबर असा पाह्यजे का वाचल्याबरोबर जागा समजली पाह्यजे. ‘पू ४/७’ म्हनजे पूर्वेची भिंत, खालून चवथा थर, उजवीकडून सातवा चिरा. नुसता १, २, ३ असा नंबर देला अन् वही हारपली त मंग देबोदवानीच होईन.

सिमेंट लावू नोका. काहून का, सिमेंट दगडापेक्षा कडक हाये अन् त्याच्यातून ओल निंघत नाही. भिंतीतली ओल मंग दगडातूनच बाहीर निंघते, येताना खार घेऊन येते. खार वाळला का दगडाच्या कडेचे पापुद्रे सुटते. दहा-पंधरा वर्सात सांधा तसाच राह्यते अन् दगड खाल्ला जाते. हेमाडपंती देवळाले चुना नाही, गारा नाही. दगडाच्या वजनावर अन् खाचेवर उभं हाये. त्याले तसंच राहू द्या.

लोखंडी सळाख बी टाकू नोका. गंजली का फुगते, अन् दगड आतून फोडते.

---

सांधा_आणि_चिरा

मोर्शीवाले भाऊ शंभर टक्के बरोबर. सळाखीचं उदाहरण जगप्रसिद्ध आहे. अथेन्सच्या अॅक्रोपोलिसवर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निकोलाओस बालानोस यांनी लोखंडी चाप घालून संगमरवर जोडला. लोखंड गंजून फुगलं आणि दोन-अडीच हजार वर्षं टिकलेले दगड तडकले. नंतरच्या दुरुस्तीत ते चाप काढून टायटेनियमचे घालावे लागले. प्राचीन ग्रीकांनीही लोखंडच वापरलं होतं, पण त्यावर शिसं ओतून हवा आणि पाणी बंद केलं होतं. इजिप्तचे कारागीर दोन चिरे जोडायला डमरूच्या आकाराचे लाकडी चाप वापरायचे. भिंत उघडी असताना चिऱ्याच्या वरच्या अंगाला त्यांच्या खाचा दिसतात.

---

नागभीडकर

सगळ्यांचे आभार. मोर्शीवाले भाऊ, दगड हालवण्याबद्दलचं आजच समितीच्या ग्रुपवर टाकतो. आणखी दोन प्रश्न. आतल्या चित्रलिपीतलं एक अक्षर येत नाही, तरी खोलीत उभं राहिल्यावर काहीतरी ओळखू यावं असं वाटतं. आणि दुसरं: आमच्या भागातले सगळेच काही स्पेनला जाऊ शकत नाहीत. गावातल्या चार लोकांना जवळपास असं काही दाखवता येईल का?

---

लेणीवाचक

पहिल्या प्रश्नाचं मी सांगते.

अक्षर न येताही तीन गोष्टी पक्क्या ओळखता येतात. लांबट गोलाचं कडं दिसलं, ज्याच्या एका टोकाला आडवी रेघ आहे, की त्यात राजाचं नाव आहे असं समजा. दुसरं, माणसं आणि पक्षी ज्या दिशेला तोंड करून आहेत, त्या दिशेकडून ओळ वाचायला सुरुवात करायची. म्हणजे पक्ष्याची चोच उजवीकडं असेल तर लेख उजवीकडून डावीकडं जातो. तिसरं, देव डोक्यावरून ओळखायचे. डोक्यावर दोन उंच सरळ पिसं असलेला अमून. शिंगांच्या मध्ये सूर्यबिंब किंवा डोक्यावर सिंहासनाची खूण असलेली इसिस. गुंडाळलेल्या देहाचा, हात छातीशी घेतलेला ओसिरिस. ससाण्याच्या तोंडाचा होरस. आपल्याकडं आयुधं आणि वाहन पाहून मूर्ती ओळखतात, तिथं मुकुट पाहायचा.

आदिखलमानीच्या खोलीत एकच प्रसंग पुन्हा पुन्हा आहे: राजा देवासमोर उभा आणि हातात काही अर्पण. प्रत्येक चौकटीत देव कोण आणि हातात काय, एवढंच बघत भिंतीच्या कडेनं फिरा. मूळ कोरलेल्या रेषांवर नंतरच्या प्रवाशांनी आपली नावं खरवडलेली आहेत, तीही दिसतील.

सगळ्यात आतल्या देवघरात ग्रॅनाइटचा अखंड देव्हारा आहे, बाराव्या टॉलेमीनं दिलेला. हा क्लिओपात्राचा बाप. देवाची मूर्ती याच्या आत ठेवायचे. मंदिराचा दगड वालुकाश्म आणि देव्हारा ग्रॅनाइटचा, हा फरक जवळून बघा. वालुकाश्मावर छिन्नीची धार बोथट झाली आहे, ग्रॅनाइटवर अजून कडा आहे. मार्कंड्याच्या देवळांचा दगड वालुकाश्म आणि लोणारकडच्या देवळांचा काळा बेसाल्ट, हे ज्यानं हात लावून पाहिलं आहे त्याला हा फरक लगेच कळेल.

फ्लॅश मारू नका. खोल्यांत उजेड कमी आहे, डोळे सरावायला दोन मिनिटं द्या. जिन्यानं वर गेलं की न्यूबियातल्या, म्हणजे अस्वानच्या दक्षिणेकडच्या नाईलकाठच्या प्रदेशातल्या, मंदिरांच्या प्रतिकृती आहेत. नाईलच्या काठानं कुठलं मंदिर कुठं होतं ते तिथं एका नजरेत कळतं. पुष्कळ लोक घाईत वर जातच नाहीत.

दुसऱ्या दिवशी वेळ उरला तर सेरानो रस्त्यावरचं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय करा. न्यूबियात स्पेनच्या तुकड्यांनी केलेल्या उत्खननातल्या वस्तू तिथं आहेत. तेही सोमवारी बंद.

---

बल्लारशा_जंक्शन

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून. आलमपूरला जा.

तेलंगणात, कर्नूलच्या जवळ, तुंगभद्रेच्या काठी. श्रीशैलमच्या धरणात कूडवेल्लीचं संगमेश्वराचं देऊळ बुडणार होतं. ते दगड सोडवून आलमपूरला आणून पुन्हा उभं केलं आहे. दगडी बांधकाम, आपल्या ओळखीची रचना आणि शेजारीच जागेवर उभी असलेली नवब्रह्म देवळं. म्हणजे हाललेलं आणि न हाललेलं, दोन्ही एकाच दिवसात, चालत जाण्याच्या अंतरावर. तुमच्या समितीला देबोदपेक्षा यातून जास्त शिकायला मिळेल असं मला मनापासून वाटतं. बल्लारशाहून हैदराबादला रेल्वे, आणि तिथून कर्नूलच्या हमरस्त्यानं साधारण सव्वादोनशे किलोमीटर. दोन रात्रींत होतं.

आणखी वेळ असेल तर नागार्जुनकोंडा. १९५४ ते १९६० तिथं उत्खनन झालं आणि नागार्जुनसागरचं पाणी चढण्याआधी काही वास्तू टेकडीच्या माथ्यावर हलवल्या. टेकडीचं आता बेट झालं आहे, होडीनं जावं लागतं. काही वास्तू काठावर अनुपूला आहेत. तिथं विटांचं काम आहे, म्हणून दगडाच्या प्रश्नाला आलमपूरच बरं.

आपल्या लोकांचा न्यूबियाशी थेट संबंधही आहे. युनेस्कोच्या त्या मोहिमेत १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची तुकडी ब्रजबासी लाल यांच्या नेतृत्वाखाली गेली होती, अफ्येह आणि तुमास इथं उत्खनन केलं. नागार्जुनकोंड्याचं काम नुकतंच संपलं होतं तेव्हा.

---

वैनगंगाकाठ

जाता जाता, न्यूबियातून अशीच बाहेर आलेली आणखी मंदिरं आहेत, दुसरीकडं कुठं थांबणार असाल तर: हॉलंडमध्ये लायडनच्या पुराणवस्तू संग्रहालयात ताफेहचं मंदिर आहे, प्रवेशाच्या दालनातच. इटलीत तुरीनच्या इजिप्शियन संग्रहालयात एल्लेसियाचं. ते बांधीव नाही, तिसऱ्या थुत्मोस राजाच्या काळातलं खडकात कोरलेलं आहे. कापून आणावं लागलं. बर्लिनला कलाब्शाची वेस. न्यूयॉर्कला देंदूरचं मंदिर. या सगळ्यांना डोक्यावर छप्पर आहे. उघड्यावर एकटं देबोद.

---

सांधा_आणि_चिरा

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा, त्यावर थोडं बोलतो. न्यूबियात पाऊस नावालाच. माद्रिदला हिवाळ्यात पाऊस, रात्री गोठणबिंदूखाली तापमान, आणि मंदिर भर शहरात, गाड्यांच्या धुरात. वालुकाश्म पाणी पितो. ते पाणी गोठलं की फुगतं आणि पृष्ठभागाचे कण सुटतात. वर्षानुवर्षं पाण्याखाली राहिल्यानं दगडात आधीच खार भरलेला, तोही ओल-सुकीच्या फेऱ्यात बाहेर येतो. छप्पर घालावं असं म्हणणारे स्पेनमध्ये बरेच आहेत आणि माझंही तेच मत आहे. तळ्यातलं प्रतिबिंब सुरेख आहे, पण दोन हजार वर्षांच्या कोरीव कामापेक्षा मोठं नाही. आत जाण्याआधी बाहेरच्या भिंतीचा पायथा आणि वेशींचे खालचे चार थर बघा. पृष्ठभाग साखरेसारखा दाणेदार झालेला दिसला तर तो याच कारणानं. हात लावू नका, कण हाताला येतात.

आणि हे डोक्यात ठेवून तुमच्या देवळाकडं पाहा. सगळ्यात आधी चिरे जुळवायचे नसतात, आधी पाणी वळवायचं असतं. जोत्याभोवतीची माती चढली असेल तर चारी बाजूंनी उतार काढून चर करा. चर जोत्यापासून दूर घ्या, अगदी पायाला लागून खणलात तर पायाच सुटेल. छतावर पिंपळ-वड उगवला असेल तर ओढून उपटू नका, मुळासोबत चिरा निघतो. बुंधा कापा आणि मूळ जागेवरच मरू द्या.

---

नागभीडकर

पिंपळ आहे, दोन ठिकाणी. मुळं कोपऱ्याच्या सांध्यात शिरली आहेत. मग मंडप आम्ही स्वतः जुळवायला घ्यावा का? गावात दोन पाथरवट आहेत, हात चांगला आहे त्यांचा.

---

लेणीवाचक

नाही काका, लगेच नको. आधी देऊळ संरक्षित यादीत आहे का ते बघा. केंद्राच्या यादीत असेल तर १९५८ चा कायदा, राज्याच्या यादीत असेल तर १९६० चा. दोन्हींत परवानगीशिवाय हात लावणं गुन्हा आहे. यादीत नसेल तरी नागपूरच्या राज्य पुरातत्त्व कार्यालयात ग्रामसभेच्या ठरावासकट अर्ज द्या, सोबत फोटो आणि नकाशा जोडा. कागद हलायला वेळ लागतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्या वेळात नोंदीचं काम पूर्ण होतं, आणि ते करायला परवानगी लागत नाही, कारण त्यात दगड हालत नाही.

पाथरवटांना त्या नोंदीत घ्या. कुठली खाच कुठल्या खुंटीची हे इंजिनिअरच्या आधी त्यांना दिसतं. शिंदूर आणि तैलरंग मात्र थांबवा, नवीन देऊ नका आणि जुना खरवडूही नका, त्यासोबत कोरीव काम येतं.

---

मोर्शीवाला

नोंद कशी कराची थे सांगतो, म्हनजे येताना प्रश्न राहनार नाही.

सुतळी घ्या अन् देवळाभोवती येक-येक मीटरचे चौकोन पाडा, खुट्या ठोकून. जोत्याले नाही, मातीत ठोका. चौकोनाले नाव द्या, क-१, क-२ असं. येका चौकोनात जेवढे चिरे, तेवढ्यायचा वरून फोटो, सोबत येक मीटरची पट्टी अन् पाटीवर चौकोनाचं नाव. मंग येकेक चिरा मोजा: लांबी, रुंदी, जाडी, खाच कोन्या बाजूले, कोरलं हाये का नाही. जाडी लय महत्त्वाची. येका थरातले चिरे येकाच जाडीचे असते, म्हून जाडीवरूनच थर निंघते. दोन वह्या करा, येक गावात अन् येक तालुक्याले कोनाकडं तरी. धुऱ्यावर गेलेले दगड वापस मागा, पन कोनाच्या धुऱ्यावर, कोन्या बाजूनं भेटला थे बी लिहा.

हंगामाच्या आंधी करा. पऱ्हाटी लागली का मानूस भेटत नाही, अन् पावसात गवत वाढलं का दगडच दिसत नाही.

---

नागभीडकर

सुतळी आणि पाटी उद्याच आणतो. एप्रिलच्या मध्याला परत येईन, तोवर पोरांना चौकोन पाडायला सांगतो, दगड न हालवता. माद्रिदची वेळ मंगळवारी सकाळी दहाची घेतली आहे. वेशींचा जुना फोटो कुणाकडं स्वच्छ असेल तर इथं टाकावा, छापून सोबत नेतो.